खाडीतल्या तिसऱ्यांची पिल्लं नेमकी असतात कुठे?

ओहोटी
मंडळी, विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मामाचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीकाठी. ओहोटीला बायका टोपल्या घेऊन उतरतात आणि गुडघाभर पाण्यात पायाने चाचपत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले, काढतात, पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. कोणी पेरत नाही, कोणी बी सोडत नाही, तरी पुढच्या वर्षी माल तयार. म्हणजे असायचा. गेली काही वर्षं कमी होत चाललाय आणि मिळतात त्याही बारक्या. आता गावात विषय निघालाय की खाडीचा एक पट्टा काही महिने बंद ठेवायचा, तिथे कोणी हात घालायचा नाही. त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो ठेवूया बंद, वाढतील. दुसरा म्हणतो पिल्लं समुद्रातून येतात, मग आपण उपाशी मरायचं आणि फायदा पलीकडच्या गावाला कशाला? मामा तिसऱ्याच पक्षात (हो, मुद्दाम लिहिलं), त्याच्या मते तिसऱ्या वाळूतूनच होतात, वाळूचा उपसा थांबवा, बाकी काही नको.

तर प्रश्न साधा आहे. नखाएवढी तिसरी मी पाहिली आहे, पण त्याहून लहान कधीच नाही. ती त्याआधी कुठे असते? आणि आपल्या खाडीची पिल्लं आपल्याच खाडीत राहतात की नाही?

उगाच
तिसऱ्यांना पिल्लं होतात का ते माहीत नाही, पण आमच्याकडे तिसऱ्या केल्या की शेजारपाजारची सगळी पिल्लं आमच्या ओट्याशी हजर होतात.

पर्जन्यवेडी
इंटरेस्टिंग. लहानपणी ऐकलेलं की स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. शिंपला कुठून होतो ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. वाचतेय.

सूक्ष्मदर्शी
मत्स्यशास्त्र शिकलोय आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही. लांब होईल, आधीच सांगतो.

तिसऱ्यांत नर-मादी वेगळे असतात पण बाहेरून बघून कळत नाही. त्यांची भेटगाठ वगैरे काही होत नाही. नर पाण्यात शुक्राणू सोडतो, मादी अंडी सोडते, आणि एकाने सुरुवात केली की पाण्यातल्या त्या द्रव्यांमुळे आजूबाजूचेही सुरू होतात. पाण्याचं तापमान किंवा खारटपणा एकदम बदलला की हे घडतं. हॅचरीत आम्ही हेच करायचो, टाकीचं पाणी तीन-चार अंशांनी तापवायचं आणि बसून वाट बघायची. कधी दहा मिनिटांत टाकी दुधाळ, कधी पूर्ण रात्र फुकट. मादी एका वेळी लाखांनी अंडी सोडते, मोठी कालवं (ऑयस्टर) तर कोटींच्या घरात जातात. अंड्याचा व्यास ५० ते ७० मायक्रॉन. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही.

फलन झाल्यावर काही तासांत पेशी विभागत विभागत एक गोळा होतो, त्याला रोम फुटतात आणि तो गरगर फिरायला लागतो. ही ट्रोकोफोर अळी. कमरेभोवती रोमांचा एक पट्टा, तेच तिचं वल्हं. गंमत म्हणजे समुद्रातल्या वलयी कृमींच्या अळ्याही अशाच असतात, म्हणजे शिंपला आणि रेतीतला किडा यांचं नातं या वयात दिसतं, पुढे त्यांची तोंडंही एकमेकांसारखी राहत नाहीत.

साधारण एका दिवसात त्या गोळ्याच्या पाठीवर कवच तयार होतं, दोन शिंपा, बिजागरीची बाजू सरळ आणि पुढची गोल, इंग्रजी डी अक्षर. हॅचरीत सगळे याला ‘डी’च म्हणतात. सकाळी आल्यावर पहिला प्रश्न ‘डी झाले का’. दोन शिंपांच्या फटीतून रोमांची झालर असलेला एक पाळ बाहेर येतो, तो व्हेलम. त्यानेच पोहायचं आणि त्यानेच शेवाळाच्या पेशी गोळा करून खायच्या. या अवस्थेला व्हेलिजर म्हणतात. आम्ही आयसोक्रायसिस नावाचं शेवाळ वाढवून खायला घालायचो, त्याची एक पेशी पाच मायक्रॉनच्या आसपास.

दोन ते तीन आठवडे हे चालतं. कवच फुगतं, बिजागरीपाशी चोच येते, डोळ्यासारखा एक काळा ठिपका येतो आणि पाय फुटतो. आता तिला पोहताही येतं आणि सरपटताही येतं. बीकरवर बाजूने बॅटरी मारली तर बारीक ठिपके खालीवर करताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मध्येच एखादा खाली जातो, तळाला टेकतो, पाय बाहेर काढून चाचपतो, पटलं नाही की पुन्हा व्हेलम पसरून वर. जागा पसंत पडली की बसते. मग व्हेलम झडतो, खाण्याचं काम कल्ल्यांकडे जातं. एकदा ते गेलं की पुन्हा पोहणं नाही. त्या वेळी लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुमची तिसरी त्याआधी पाण्यात तरंगत होती, आणि बसल्यावर वाळूच्या कणाएवढीच असल्यामुळे वाळूतच असून तुम्हाला दिसली नाही. त्या अर्थी मामाही अर्धा बरोबर.

ओहोटी
बाप रे, सविस्तर उत्तराबद्दल आभार. मामाला वाचून दाखवलं, ‘अर्धा’ शब्द सोडून बाकी सगळं पटलं म्हणाला.

मधल्या आळीतला
रे बाबानू, जेवणाच्या टायमाक हो धागो उघडलंय. आता ताटातल्या तिसऱ्यांकडे बघून डी झाले काय विचारतंय.

खाजणातला
सूक्ष्मदर्शी सर, शास्त्र तुमचं बरोबर असेल पण आमच्याकडे बायकांना कधी काय भरलंय ते बरोबर माहीत असतं. एकशिपी करायला विळीवर तिसरी उघडली आणि मांस टच्च फुगलेलं दिसलं, बोट लावलं की पांढरं दुधासारखं येतंय, म्हणजे ती भरलेली. मग काही दिवसांनी त्याच जागेवरच्या तिसऱ्या पाणचट, चपट्या लागतात, चवच नाही. आमची आई अशा वेळी सांगायची की आता आठ-पंधरा दिवस तिकडे जाऊ नका. कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आणि दुसरं, पट्टा बंद ठेवायला सांगणारे सगळे पगारी. ज्यांची चूल त्याच्यावर आहे त्यांना विचारा.

सूक्ष्मदर्शी
खाजणातला, तुमच्या आईचं निरीक्षण शंभर टक्के खरं. ते पांढरं दूध म्हणजे पक्व झालेली अंडी किंवा नराचं बीज. स्लाइडवर थेंब ठेवला की लगेच कळतं, अंडी असतील तर गोल दाणे, नर असेल तर नुसती वळवळ. आणि पाणचट झाली म्हणजे सोडून मोकळी झाली. बंद कधी ठेवायचं ते ठरवायला याच्याहून स्वस्त साधन नाही, दर पंधरवड्याला दहा-वीस तिसऱ्या उघडून बघायच्या आणि वहीत लिहायचं.

पगारी वगैरेबद्दल पुढे लिहितो, तो मुद्दा खरा आहे.

उगाच
म्हणजे भरलेल्या तिसऱ्या म्हणून आपण कौतुकाने जे खातो ते…

मधल्या आळीतला
गाबोळी, माशाची अंडी, खाताना नाय विचारलंस तो प्रश्न?

कोरडवाहू
आमच्याकडे लातूरला समुद्र नाही पण गोगलगायी आहेत. २०२२ च्या खरिपात सोयाबीन उगवलं की रात्रीत साफ. लातूर, बीड, धाराशिव, तिन्ही जिल्ह्यांत बोंब होती, पंचनामे झाले. आम्हाला वाटायचं या येतात कुठून, कारण आधी अळी दिसली असती तर फवारलं असतं. त्यांची अळी कुठे असते ते सांगा.

सूक्ष्मदर्शी
कोरडवाहू, त्यांची अळी बाहेर येतच नाही. ती शंखी गोगलगाय, आफ्रिकेतून आलेली. ती द्विलिंगी, म्हणजे जोडीतली कुठलीही अंडी घालू शकते, एका खेपेला शंभर ते चारशे. जमिनीत थोडं उकरून घालते, साबुदाण्यासारखी दिसतात, फक्त पिवळसर. ट्रोकोफोर-व्हेलिजर हे टप्पे अंड्याच्या आतच, तेही बरेच पुसट, उरकले जातात आणि बाहेर येते ती थेट पाठीवर शंख घेतलेली चिमुकली गोगलगाय. बाहेर आल्यावर पहिलं जेवण बहुधा स्वतःच्याच अंड्याचं कवच, चुना मिळतो ना. पाण्यात पोहणारी अळी कोरड्या जमिनीवर काय करणार?

म्हणून फवारणीची वाट बघू नका. पहिल्या पावसानंतर बांधाच्या कडेला, दगडाखाली, पाचोळ्यात माती उकरून अंडीच गोळा करून नष्ट करायची. एक घड सापडला म्हणजे काही शे कमी.

कोरडवाहू
बांध उकरला होता, सापडले होते, पण आम्ही सापाची बारीक अंडी समजून मजुराला हात लावू दिला नाही. आता बघतो. संध्याकाळी ओली पोती टाकून सकाळी खालच्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात, हे मात्र करतोय, बरं चालतंय.

पर्जन्यवेडी
मध्येच विचारते. मागे किनाऱ्यावर ओहोटीला वाळूची एक कॉलर दिसली होती, शर्टाची कॉलर कापून ठेवावी तशी, एका बाजूने उघडी, हातात घेतली तर रबरासारखी वाकत होती. मला प्लास्टिक वाटलं म्हणून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाले तर एक कोळीणबाई म्हणाल्या ठेव ती खाली. का ते सांगितलं नाही. याचा धाग्याशी संबंध असेल असं उगाच वाटतंय.

सूक्ष्मदर्शी
उगाच नाही, पुरेपूर आहे. ती चंद्रशंखाची, म्हणजे गोल गुळगुळीत मून स्नेलची अंडी. मादी वाळू आणि चिकट स्राव यांचा पट्टा स्वतःच्या शंखाभोवती वळवत नेते, त्या पट्ट्याच्या आत हजारो अंडी दडलेली असतात. अळ्या बाहेर पडल्या की कॉलर ठिसूळ होऊन विरघळते. वाकणारी, अखंड कॉलर म्हणजे आत अजून वस्ती आहे. पाण्याच्या कडेला ठेवून द्यायची. आणि हाच चंद्रशंख तिसऱ्यांचा वैरी बरं का. तिसरीच्या रिकाम्या शिंपेवर चोचीपाशी सुबक गोल भोक दिसतं ना, मुली ज्याच्यात दोरा ओवतात, ते याने पाडलेलं असतं.

चतुरंग७
सुंदर चाललाय धागा. शंखांवरून आठवलं. दक्षिणावर्ती शंख लाखात एक असतो म्हणतात, किंमतही तशीच. तो उलटा का होतो, अळीतच ठरतं का हे?

सूक्ष्मदर्शी
अळी व्हायच्याही आधी ठरतं. गोगलगायींच्या अंड्यातल्या पेशी तिरक्या विभागतात, चाराच्या आठ होताना वरच्या चार पेशी खालच्यांवर जरा वळून बसतात. त्या कुठल्या बाजूला वळल्या यावर पुढे शंखाचा पीळ ठरतो. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीवर हे बारकाईने तपासलंय आणि त्यात एक विचित्र गोष्ट निघाली. पिल्लाचा पीळ पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही, आईच्या जनुकांवरून ठरतो, कारण अंड्यातला मालमसाला आईने भरलेला असतो. १९२३ साली स्टर्टेव्हंट या जनुकशास्त्रज्ञाने हा उलगडा मांडला होता.

आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. त्याचीही पोहणारी अळी नसते, मेंढ्याच्या शिंगासारख्या पिळदार कोशात अंडी असतात आणि बाहेर पडतात ते सरपटणारे छोटे शंख. त्यात उलटा पीळ खरोखर दुर्मिळ. पण सावध राहा, अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाइटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख आहे, त्याचा पीळ मुळातच उलटा असतो, तिथे तो ढिगाने मिळतो आणि इथे दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो. शंखाच्या आतल्या दांड्यावर ठसठशीत आडव्या वळ्या आहेत का बघा. आपल्या शंखात तीन-चार असतात, त्या अमेरिकनात नसतात.

चतुरंग७
देवघरातला आत्ताच टॉर्च लावून बघितला. वळ्या नाहीत. बायकोला काय सांगू ते सुचवा.

उगाच
सांगा अमेरिकन आहे, ग्रीन कार्डवाला. किंमत अजून वाढेल.

संपादक मंडळ
कृपया देवघर आणि पाककृती यांसाठी वेगळे विभाग आहेत. (एकशिपी तिसऱ्यांची कृती विचारणारे तीन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.)

रेनियर
सिएटलहून लिहितोय. इकडे ऑयस्टरचा धंदा मोठा आहे आणि त्यातली एक गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. २००७ च्या सुमारास ओरेगनच्या नेटार्ट्स खाडीतल्या हॅचरीत अळ्या लाखो-करोडोंनी मरायला लागल्या. आधी सगळ्यांनी जीवाणूंवर संशय घेतला, फिल्टर बसवले, तरी मरतच होत्या. शेवटी कळलं की दोष पाण्यातच. उत्तरेचा वारा सुटला की समुद्राच्या खोलातलं पाणी किनाऱ्याला वर येतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यामुळे ते पाणी आम्लतेकडे झुकलेलं. अळीला पहिल्या दोन दिवसांत अंड्यातल्या शिदोरीवर कवच बांधायचं असतं, आणि अळीचं कवच अ‍ॅरागोनाइटचं (चुन्याचाच एक प्रकार), जे मोठ्या ऑयस्टरच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं. अशा पाण्यात कवच बांधण्यातच सगळी ताकद संपते.

उपाय मला फार आवडला. खाडीत समुद्रगवत आहे, ते दिवसभर उन्हात कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, त्यामुळे दुपारचं पाणी सकाळच्या पाण्यापेक्षा बरं. म्हणून टाक्या दुपारनंतर भरायला लागले आणि वर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मोजून घालायला लागले. २०१२ मध्ये हे सगळं शोधनिबंधात आलं. मोठे शिंपले तेव्हाही ठणठणीत होते. मरत होती ती फक्त पहिल्या दोन दिवसांतली.

पर्जन्यवेडी
हे वाचून पोटात कालवलं. (शब्दश्लेष नकळत झाला.)

भीमाकाठी
आमच्या नदीत, धरणातही शिंपले आहेत, मोठे काळपट, त्यांचंही असंच का? विचारायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी एका ठिकाणी गोड्या पाण्यातल्या मोतीशेतीचं प्रशिक्षण घेतलं. फी भरली, शिंपल्यात मणी कसा घालायचा ते शिकवलं. मी विचारलं की शिंपले कुठून आणायचे, म्हणाले नदीतून गोळा करा किंवा आमच्याकडून विकत घ्या. मी म्हटलं घरच्या टाकीत त्यांची पिल्लं नाही का होणार? तर म्हणे पुढच्या बॅचला सांगू. पुढची बॅच झालीच नाही. माझे शिंपले पण वर्षभरात निम्मे मेले आणि पिल्लू एकही नाही.

सूक्ष्मदर्शी
भीमाकाठी, तुमच्या टाकीत मासे होते का?

भीमाकाठी
नाही. मासे शिंपले खातील म्हणून मुद्दाम नाही ठेवले.

सूक्ष्मदर्शी
मग पिल्लू होणं शक्यच नव्हतं, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आपल्या नद्यांतले ते शिंपले म्हणजे लॅमेलिडेन्स, पारेशिया वगैरे. वाहत्या नदीत पोहणारी अळी सोडली तर ती थेट समुद्रात जाईल. म्हणून यांनी वेगळाच उद्योग केलाय. मादी अंडी आपल्या कल्ल्यांतच सांभाळते, तिथे ग्लोकिडियम नावाची अळी तयार होते. व्हेलम नाही, पोहणं नाही, फक्त दोन शिंपा आणि त्या फटकन मिटणारा एक स्नायू. पाण्यात सोडल्यावर माशाचा कल्ला किंवा पर जवळून गेला की चावा घेऊन तिथेच चिकटते. माशाची त्वचा तिच्यावर वाढते, आत ती काही दिवस ते काही आठवडे राहते, शरीराची नवी बांधणी होते, मग त्वचा फोडून खाली पडते आणि तळातल्या गाळात शिंपला म्हणून जगायला लागते. मासा नाही तर पिल्लू नाही, आणि बऱ्याच जातींना कुठलाही मासा चालत नाही, ठरावीकच लागतो. अमेरिकेतल्या लॅम्पसिलिस शिंपल्याची मादी तर आपल्या अंगाची कड छोट्या माशासारखी हलवते, मोठा मासा तिला खायला येतो आणि तोंडभर अळ्या घेऊन जातो.

यावरून एक जुनी गंमत. १७९७ मध्ये राटके नावाच्या शास्त्रज्ञाला शिंपल्याच्या कल्ल्यांत हे जीव दिसले तर त्याने ते शिंपल्यावर जगणारे परजीवी ठरवून तसं नावही दिलं, ग्लोकिडियम पॅरासिटिकम. त्याच्या शंभर वर्षं आधी लेव्हेनहूकने ही शिंपल्याचीच पिल्लं आहेत हे ओळखलं होतं. परजीवी आहेत हे खरंच, पण आईवर नाही, माशावर.

भीमाकाठी
म्हणजे नदीतून नुसते उचलत राहिलो आणि धरणामुळे तो ठरावीक मासा वरच आला नाही, तर म्हातारे शिंपले राहतील आणि पुढे काहीच नाही?

सूक्ष्मदर्शी
अगदी तसंच. मोठे दिसतात म्हणून सगळं ठीक वाटतं, हाच त्यातला धोका.

चतुरंग७
पण मग ते झेब्रा मसल? ते तर गोड्या पाण्यातले ना, अमेरिकेतल्या तलावांत नुसता उच्छाद आहे वाचलंय.

रेनियर
ते गोड्या पाण्यातले असूनही त्यांनी समुद्रातली पोहणारी व्हेलिजर सोडलेली नाही. म्हणून तर जहाजाच्या बॅलास्ट टाकीत बसून युरोपातून आले, १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि मग पाण्याच्या पाइपांत, वीजकेंद्रांत सगळीकडे. माशाची गरज असती तर एवढं पसरता आलं नसतं.

सूक्ष्मदर्शी
आपल्याकडेही याचा भाऊबंद आहे, मायटिलॉप्सिस, मध्य अमेरिकेकडचा. विशाखापट्टणमला १९६७ मध्ये नोंद झाली, पुढे मुंबईच्या गोद्यांमध्येही. जहाज रिकामं असताना तोल राहायला पाणी भरतात, ते दुसऱ्या बंदरात सोडतात, त्यात या अळ्या फुकट प्रवास करतात. जहाजांनी हे पाणी शुद्ध करून सोडावं असा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे.

मधल्या आळीतला
माकुलाचा (स्क्विडचा) काय? तो पण ह्यांच्यातलोच ना?

सूक्ष्मदर्शी
त्यांच्यातलाच, पण त्याने या अळ्यांच्या भानगडी पूर्ण टाकल्या. अंड्यातून छोटा माकूलच बाहेर येतो.

खाजणातला
सगळं जगभर फिरून झालं असेल तर आमच्या खाडीवर या. ओहोटीने विचारलेलं राहिलंच. पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात हे तुम्हीच सांगितलंत. आमच्या खाडीत भरती-ओहोटी दिवसाला दोन वेळा. दोन-तीन आठवड्यांत ते पाणी कितीदा समुद्रात गेलं नि आलं? मग पट्टा बंद ठेवणारा मूर्खच ना? दुसऱ्या तटाचं बरोबर ठरतंय.

ओहोटी
हेच तर. आज-उद्या बैठक आहे आणि मला हाच प्रश्न विचारतील.

सूक्ष्मदर्शी
प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं हो-नाही उत्तर नाही. अळी सेकंदाला मिलिमीटरभर पोहते, तेवढ्यात ओढीविरुद्ध आडवं जाणं शक्य नाही. पण वरखाली जाता येतं. कालवांच्या अळ्यांवर अमेरिकेतल्या खाड्यांमध्ये दिसलंय की भरतीचं पाणी आत येताना त्या वर येतात आणि ओहोटीला तळाशी जातात, तिथे ओढ कमी. असं करत करत त्यातल्या काही आतच टिकतात, काही बाहेर वाहून जातात. खाडी लांब आणि वळणाची असेल तर जास्त टिकतात, तोंड रुंद आणि आखूड असेल तर कमी. म्हणजे तुमच्या तिसऱ्यांतल्या काही घरच्या, काही शेजारच्या, आणि तुमच्या काही शेजाऱ्याकडे.

पण गावाच्या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. अळी कुठूनही येवो, बसते तुमच्या वाळूत. बसल्यावर ती एका बारीक तंतूने रेतीच्या कणाला धरून राहते. त्या वेळी वरची वाळू सतत ढवळली, उपसली किंवा गाळाने झाकली तर ती गेली. त्यामुळे पट्टा बंद ठेवण्याचा निम्मा फायदा, म्हणजे बसलेल्यांना वाढू देणं, हा तुमच्याच गावाला मिळतो. तो शेजारी नेऊ शकत नाही. आणि वाळू उपशाबद्दल मामा निम्म्याहून जास्त बरोबर.

दाखला हवा असेल तर केरळची अष्टमुडी खाडी. आपल्याकडेही मिळते ती पाफिया जातीची तिसरी तिथे निर्यातीसाठी बेसुमार काढली, १९९१ ला दहा हजार टनांवर गेली आणि १९९३ पर्यंत निम्मी झाली. मग डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याचे डोळे मोठे, आणि ठरावीक आकाराच्या खालचा माल निर्यात करायचा नाही. उत्पन्न सावरलं, आणि २०१४ मध्ये त्या खाडीला एमएससीचं (टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं.

खाजणातला
तीन महिने बंदी, आणि त्या तीन महिन्यांत चूल?

सूक्ष्मदर्शी
म्हणूनच सगळी खाडी नको, एक पट्टा. आणि दुधाळ तिसऱ्या दिसायला लागल्यापासून पाणचट झाल्यावर पुढे दोन-अडीच महिने, एवढंच. महिने पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या खाडीतल्या तिसऱ्या उघडून ठरवा, पाऊस आणि खारटपणा जागोजाग वेगळा असतो.

पर्जन्यवेडी
कालवांसाठी शिंपांच्या माळा टांगतात ना खाडीत, त्या लावून तिसऱ्या नाही का वाढणार? सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी बांबूचे मांडव घातलेले पाहिलेत.

सूक्ष्मदर्शी
तिसऱ्यांना उपयोग नाही, त्यांना वाळूच हवी. माळा कालवांसाठी, कारण कालवाची अळी कठीण पृष्ठभागावर, त्यातही दुसऱ्या कालवाच्या शिंपेवर बसायला बघते आणि डाव्या शिंपेने कायमची चिकटते. आणि माळ टांगायची वेळही साधावी लागते. आठ-दहा दिवस आधी टांगली तर तिच्यावर गाळ आणि बार्नेकल (खडकांना चिकटणारे कवचवाले जीव) बसून जागा संपते. चुन्यासाठी भट्टीत जाणाऱ्या शिंपा खाडीत परत टाकल्या तरी कालवांचं भलं होईल.

ओहोटी
बैठक झाली. शाळेच्या मागचा पट्टा ठरलाय, तिथे वाळू उपसणारा सक्शन पंप येत नाही आणि वाळू बारीक आहे. आई-मावश्यांनी वही घेतलीय, पहिल्या अमावास्येला वीस तिसऱ्या उघडणार. विरोध आहेच, पण एवढ्या लहान पट्ट्याला कोणी अडवलं नाही. घोळ एकच, रात्री येऊन कोणी काढल्या तर राखण कोण करणार?

उगाच
मामा. तो तसाही सगळ्यांच्या विरोधात आहे.

खाजणातला
राखण वगैरे होणार नाही, दोन रात्रींत कंटाळतील. तुमच्या गावात माल उचलणारे व्यापारी किती, दोन किंवा तीन असतील. त्यांना बसवून सांगा की एवढ्या मापाच्या खालची तिसरी घ्यायची नाही, पत्र्याला भोक पाडून माप करून त्यांच्या हातात द्या, त्यातून पडली तर परत खाडीत. बारकीला गिऱ्हाईकच नसेल तर रात्री चिखलात कोण उतरतंय. पट्टा ठेवा नाहीतर ठेवू नका, हे आधी करा. आमच्याकडे पण विषय काढतोय, माप किती मिलिमीटरचं ठेवताय ते इथे लिहा.